पोस्ट गेली म्हणजे नक्की कोण गेलं? रिस्ट्रक्चरिंगची भानगड आपल्या भाषेत

मंगळवारी भरदुपारी पुतण्याचा फोन आला. हा पोरगा कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. म्हणाला, "काका, माझी पोस्ट रिडंडंट झालीय." मला आधी वाटलं कसला आजार निघाला की काय. मग कळलं, त्याची जागाच आता नको झाली म्हणून नोकरी गेली. सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग लागली होती, स्क्रीनवर एचआरची बाई आणि यानं आयुष्यात कधी न बघितलेला एक साहेब, दोघांनी मिळून एक कागद वाचून दाखवला आणि जेवणाच्या सुट्टीआधी लॅपटॉप लॉक. टेबलावरचा स्टीलचा डबा आणि चार्जर उचलून हा स्वारगेटला आला आणि साताऱ्याच्या गाडीत बसला.

त्याची कंपनी म्हणजे परदेशातल्या होम इम्प्रूव्हमेंट दुकानांची एक साखळी, पुण्यात ऑफिस आहे. नाव घेत नाही, आणि खाली ज्या कंपन्यांची नावं येतील त्यातली ती नाही हे आधीच सांगतो. मी वकील नाही, साताऱ्यातल्या एमआयडीसीतल्या दहाबारा वर्कशॉपची पगारपत्रकं आणि पीएफची चलनं बघतो, पण माणूस कामावरून कमी होताना कागदावर काय काय होतं ते बऱ्याचदा जवळून बघितलंय.

रात्री घरी सगळे एकच विचारत होते. कंपनी तर फायद्यात आहे, मग माणसं का काढली? वहिनी तर दोनदा हळूच मला विचारून गेली, "खरं सांगा भाऊजी, यानं काही केलं तर नाही ना तिथं?" म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी धंदा काय तो बघू. होम इम्प्रूव्हमेंट म्हणजे आपल्या खालच्या रस्त्यावरचं हार्डवेअरचं दुकान, त्याला रंगाचं दुकान जोडा, फरशी-टाईल्स, लाकूड, नळ-पाईप, बल्ब, बागेच्या कुंड्या सगळं एकाच छपराखाली आणा आणि ते छप्पर एखाद्या मंगल कार्यालयाच्या पाच-सहापट करा. अमेरिकेत होम डेपो आणि लोज या दोन मोठ्या. होम डेपोची २,३०० च्या वर दुकानं आहेत. तिकडं सुतार-प्लंबर बोलवायचा म्हणजे खिसा रिकामा, म्हणून लोक सुट्टीच्या दिवशी स्वतःच भिंत रंगवतात, स्वतःच नळ बदलतात, आणि हा सगळा धंदा त्यावर उभा राहिला.

आता गंमत बघा. कोविडमध्ये लोक घरात अडकले, पैसा फिरायला खर्च होईना, मग जो तो घराच्या मागं लागला, किचन बदल, गॅलरी बंद कर, ऑफिससाठी खोली काढ. या दुकानांची विक्री धडाधड वाढली. मग २०२२ पासून अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेनं, म्हणजे फेडनं, व्याजदर वाढवायला घेतले. आपल्याकडं गृहकर्जाचा दर बहुतेक फ्लोटिंग असतो, दर वाढला की सगळ्यांचाच हप्ता नाहीतर मुदत वाढते, बोंब एकदमच उठते. तिकडं लोक तीस वर्षांसाठी दर बांधून घेतात. २०२१ च्या सुरुवातीला हा दर तीन टक्क्यांच्याही खाली होता, ऑक्टोबर २०२३ ला पावणेआठच्या आसपास गेला. आता ज्याचं कर्ज तीन टक्क्यांवर बांधलेलं आहे तो घर विकून दुसरं घर आठ टक्क्यांनी कशाला घेईल? तो जागचा हलतच नाही. २०२३ मध्ये तिकडं जुन्या घरांची खरेदी-विक्री ४० लाख ९० हजारांच्या आसपास झाली, १९९५ नंतरचा सगळ्यात कमी आकडा.

आणि माणूस घरावर मोठा खर्च कधी करतो? घर विकायच्या आधी आणि घर घेतल्यावर. आपल्याकडं पण वास्तुशांतीच्या आधीच्या दोन महिन्यांत जेवढा फेविकॉल आणि प्लायवूड जातं तेवढं पुढच्या दहा वर्षांत जात नाही. घरं हलली नाहीत की मोठी गिऱ्हाईकं गेली, उरले बल्ब आणि वायसरवाले. होम डेपोची विक्री २०२२ च्या आर्थिक वर्षात १५७.४ अब्ज डॉलर होती, पुढच्या वर्षी १५२.७ झाली. नफा मात्र त्या वर्षी पण १५ अब्जांच्या वर होता.

म्हणजे घरच्यांचं म्हणणं खरंच होतं, फायदा तर आहे. पण शेअर बाजारात फायदा आहे का हे कोणी विचारत नाही, मागच्या वर्षीपेक्षा वाढला का हे विचारतात. विक्री वाढत नसली तर नफा वाढवायचा एकच रस्ता उरतो, खर्च कापायचा. दुकानाचं भाडं, वीज, माल यात किती कापणार, म्हणून नजर पगाराकडं जाते. त्यात पण दुकानातला माणूस सहसा नंतर, कारण तो गल्ल्याजवळ उभा आहे, त्याला काढलं तर गिऱ्हाईक दिसतंय की रांगेत थांबून निघून गेलं. (दुकानातल्यांना काढायचीच गरज नसते हेही खरं, पार्टटाइमवाल्यांचे आठवड्याचे तास कमी करतात, नोकरी शाबूत आणि पगार गायब, आणि त्याला कोणी जॉब कट म्हणत नाही.) ऑफिसातला माणूस मात्र हिशेबात 'ओव्हरहेड' म्हणून लिहिलेला असतो. म्हणजे डोक्यावरचं ओझं. पुतण्या त्या रकान्यात होता.

आणि एक गोष्ट चालू होती. दुकानात येऊन स्वतः भिंत रंगवणारा कमी झाला तर कंपन्या कोणाकडं वळणार? ठेकेदाराकडं. होम डेपोनं २०२४ मध्ये छपराचं सामान ठेकेदारांना पुरवणारी एसआरएस नावाची कंपनी १८ अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतली, लोजनं २०२५ मध्ये ८.८ अब्ज मोजून फाउंडेशन बिल्डिंग मटेरियल्स घेतली. ठेकेदार गिऱ्हाईक वेगळं असतं, त्याला उधारी पाहिजे, साईटवर ट्रक पाहिजे, रात्री ऑर्डर टाकली की सकाळी माल पाहिजे. मग जुन्या गिऱ्हाईकासाठी बांधलेलं ऑफिस त्याला बसत नाही. ज्या टीमचं काम वेबसाईटवर पडद्याचे फोटो लावायचं होतं ती टीम रातोरात फालतू ठरते. रिस्ट्रक्चरिंग या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे, गिऱ्हाईक बदललं म्हणून घराच्या भिंती पाडून खोल्या परत आखायच्या. खोलीत कोण राहत होतं हा पुढचा प्रश्न.

ही आखणी होते कशी ते सांगतो, कारण इथंच लोकांचा गैरसमज आहे की साहेबानं कोणावर तरी डूख धरला. बहुतेक वेळा तसं नसतं. बाहेरून सल्लागार येतात, ते कंपनीचा नकाशा काढतात, वर एक चौकोन, खाली चार, त्याखाली वीस. मग दोन गोष्टी मोजतात, मधे थर किती आणि एका साहेबाखाली माणसं किती. आपल्या पेठेतलं गणपती मंडळ घ्या. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन सचिव, खजिनदार, सहखजिनदार, सल्लागार आणि प्रत्यक्ष वर्गणीचं पुस्तक घेऊन हिंडणारी पोरं चार. बाहेरून आलेला सल्लागार म्हणणार वरचे आठ जास्त आहेत, दोन ठेवा. आपल्याकडं असं म्हणायची कोणाची टाप नाही, कारण प्रत्येकाचं नाव मांडवाच्या फ्लेक्सवर छापलेलं असतं. कंपनीच्या नकाशात नाव नसतं. नुसते चौकोन. चौकोन खोडून झाले की मग यादी एचआरकडं जाते आणि तिथं पहिल्यांदा कळतं की खोडलेल्या चौकोनात कोण बसलंय. पुतण्याला ज्यानं कागद वाचून दाखवला त्याला याचं नाव नीट म्हणता येत नव्हतं, ते याच्यामुळं.

बरं हे सगळं नेमकं जानेवारी-फेब्रुवारीत का होतं? या दुकानवाल्यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखं मार्चला संपत नाही, जानेवारीच्या शेवटी संपतं. दिवाळीसारखा तिकडचा ख्रिसमसचा सीझन झाला की पुस्तकं बंद करायची वेळ येते. लोक काढायला पण पैसे लागतात, भरपाई द्यावी लागते, तो खर्च 'एकदाच झालेला खर्च' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवतात. आपण नाही का म्हणत, यंदा लग्न झालं म्हणून, नाहीतर घरखर्च आमचा आटोक्यात असतो. काही कंपन्यांच्या घरात मात्र दरवर्षीच लग्न असतं.

आता हे चौकोन खोडणं नेहमी चुकतंच असं नाही. पण चुकतं तेव्हा कसं चुकतं ते बघायला खालच्या रस्त्यावर चला. तिथल्या एका दुकानात काउंटरला अण्णा आहेत, वय साठीच्या पुढं, पगार मालकाच्या ड्रायव्हरएवढा. परवा माझ्यासमोर परळी खोऱ्यातला एक जण पेपरात गुंडाळून नळाचा तुटका तुकडा घेऊन आला, म्हणाला असाच नळ द्या, पितळी द्या. अण्णांनी तुकडा हातात घेतला, अंगठ्याच्या नखानं आटे चाचपले, म्हणाले, "नळ कशाला घेतोस, नळ चांगला आहे. मागचा निपल गेलाय, आणि तो अर्ध्याचा नाही पाऊणचा लागणार." एक निपल आणि टेफ्लॉनची पट्टी, साठसत्तर रुपयांत माणूस गेला. पितळी नळाचे सातशे मालकाला मिळाले असते. सल्लागाराच्या तक्त्यात अण्णा म्हणजे नुकसान. पण तो परळीवाला पुढच्या वर्षी घर बांधेल तेव्हा कुठल्या दुकानात येईल हे त्या तक्त्यात कुठं लिहिणार?

होम डेपोनं हे खरोखर करून बघितलंय. २००० साली रॉबर्ट नार्डेली नावाचे साहेब जनरल इलेक्ट्रिकमधून आले, शिस्तीचे, आकड्यांचे पक्के. त्या दुकानांची ख्याती ही होती की काउंटरला जुने प्लंबर, इलेक्ट्रिशियन उभे असायचे, म्हणजे अण्णाच. खर्च कमी करायचा म्हणून पूर्णवेळ जाणती माणसं कमी करून पार्टटाइम पोरं भरली. काही वर्षं नफा चांगला दिसला, पण गिऱ्हाईक वैतागलं, सेवेच्या सर्व्हेत कंपनी खाली आली. २००७ च्या जानेवारीत साहेब गेले, जाताना जवळजवळ २१ कोटी डॉलरचं पॅकेज घेऊन. आणि ही कंपनी काढली कोणी? १९७८ मध्ये हँडी डॅन नावाच्या अशाच दुकानांच्या साखळीतून ज्यांना काढून टाकलं त्या बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांनी. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, काका, माझ्याकडं दुकान काढायला भांडवल नाही, तुम्ही पुढं बोला.

इंग्लंडमधल्या होमबेस नावाच्या अशाच दुकानांच्या साखळीची गोष्ट याहून भारी. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वेसफार्मर्सनं ती ३४ कोटी पौंडांना घेतली. त्यांची बनिंग्ज नावाची असलीच दुकानं ऑस्ट्रेलियात तुफान चालतात, म्हणून इथंही तोच साचा. आल्या आल्या वरची जुनी मंडळी काढली, म्हणजे इंग्रज बाई दुकानात कशाला येते हे ज्यांना माहीत होतं नेमकी तीच. पडदे, उशा, दिवे असलं मऊ सामान हलवलं आणि हत्यारं-लाकूड भरलं. दोन वर्षांत कंपनी विकली, एक पौंडाला. हो, एक. नव्या मालकानं लगेच ४२ दुकानं बंद करायला काढली आणि पंधराशेपर्यंत नोकऱ्या धोक्यात आल्या. यातला एकही चौकोन काउंटरवरच्या माणसानं चुकीचा आखलेला नव्हता.

असो. पुतण्याच्या कागदाकडं येतो, कारण खरा घोळ तिथं आहे.

मीटिंगमध्ये तोंडी काय सांगितलं? तुमची पोस्ट रद्द झाली, तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही. आणि मेलवर काय पाठवलं? राजीनाम्याचा तयार मसुदा. 'मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' खाली सही करा, शुक्रवारपर्यंत, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील आणि पॅकेज मिळेल. पॅकेज ३ लाख १० हजार. वहिनीचा जीव जरा भांड्यात पडला, म्हणाली तीन लाख देतायत की.

मी म्हटलं फोड करू. पोराची नोकरी ५ वर्षं ७ महिने, मूळ पगार ५२,००० धरा. त्या ३ लाख १० हजारात १ लाख ८० हजार ग्रॅच्युइटी होती. ग्रॅच्युइटीचा ढोबळ हिशेब सोपा आहे, शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं, आणि वरचे महिने सहाच्या पुढं गेले की पूर्ण वर्ष, म्हणजे याची सहा. पाच वर्षं भरली की ती राजीनामा दिला तरी मिळते, काढलं तरी मिळते, तो त्याचाच पैसा. २६ हजार शिल्लक रजेचे, तेही त्याचेच. म्हणजे कंपनी पदरचे देत होती १ लाख ४ हजार, दोन महिन्यांचा पगार. बाकी त्याच्याच खिशातून काढून त्यालाच ओवाळणी.

आणि कायद्यानं कामगार म्हणून कपात झाली तर काय मिळतं? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं तेच मूळ सूत्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला एक महिन्याची लेखी नोटीस कारणासकट, नाहीतर त्या महिन्याचा पगार, आणि शिवाय प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. इथंही सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ढोबळ हिशेब, २६ हजार गुणिले सहा, १ लाख ५६ हजार, अधिक नोटिशीचे ५२ हजार, झाले २ लाख ८ हजार. कंपनी देत होती बरोब्बर त्याच्या निम्मे. आणि राजीनाम्यावर सही केली की हे सगळं संपलं, कारण जो स्वतःहून गेला त्याची कपात झालीच नाही. मीटिंगमध्ये म्हणायचं पोस्ट गेली, कागदावर लिहून घ्यायचं माणूस गेला. सगळी मेख इथं आहे.

त्याच संहितेत अजून दोन गोष्टी आहेत. एकाच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, तसं करायचं नसेल तर मालकानं कारण लिहून ठेवायचं. आणि पुढं वर्षभरात भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी विचारायचं. काही जण सांगतील ३०० किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची परवानगी लागते. लागते, पण ती कारखाने, खाणी, मळे यांना. ऑफिस आणि दुकानाला ते लागू नाही, त्याच्या नादी लागू नका. अमेरिकेत १९८८ चा कायदा आहे, शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनं मोठी कपात करताना ६० दिवस आधी सांगायचं, पण तो तिकडच्यांसाठी, पुण्यातल्या पोराला त्याचा काडीचा उपयोग नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. हे सगळं 'कामगार' असलेल्याला. मॅनेजर किंवा प्रशासकीय काम करणारा त्यात येत नाही, आणि सुपरवायझर असून पगार १८,००० च्या वर असला तरी येत नाही. पुतण्याचं पद असिस्टंट मॅनेजर. एचआरनं लगेच तेच पुढं केलं. पण कोर्ट पाटी बघत नाही, काम बघतं. हा दिवसभर काय करायचा? कुठल्या दुकानात कुठल्या मापाचे स्क्रू संपत आलेत त्याचा तक्ता भरायचा. हाताखाली एक माणूस नाही, कोणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही. आजकाल आयटीत आणि बँकेत सगळेच मॅनेजर, शिपायाला पण ऑफिस असिस्टंट मॅनेजर करतील, पगार वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि काढताना असं कामाला येतं.

मग आम्ही काय केलं, सही केली नाही. बुधवारी सकाळी त्याच्या खाजगी मेलवरून चार ओळी पाठवल्या, की मला राजीनामा द्यायचा नाही, आपण मीटिंगमध्ये पोस्ट रद्द झाल्याचं सांगितलंत, तसं लेखी पत्र द्यावं आणि देय रकमेचा तपशील द्यावा. भांडण नाही, धमकी नाही. शुक्रवारची मुदत गेली, काही आकाश कोसळलं नाही. सोमवारी पत्र आलं. दोनच ओळी, पुनर्रचनेमुळे आपले पद समाप्त करण्यात येत आहे. वहिनीला मी ते मराठीत वाचून दाखवलं, तिनं परत एकदा वाचायला लावलं.

पीएफ काढायची घाई करू नको म्हणून सांगितलंय, पेन्शनला दहा वर्षं लागतात, नवीन नोकरीला खातं जोडलं की वर्षं पुढं चालू राहतात. कंपनीचा मेडिक्लेम त्या दिवसापासून गेला, त्यात वहिनी-दादा पण होते, त्याची विचारणा चालू आहे.

भरपाईवर अजून घासाघीस चाललीय, ते असिस्टंट मॅनेजरला चिकटून बसलेत. तो मॅनेजर नव्हता हे दाखवायचे सगळे मेल त्या लॉक झालेल्या लॅपटॉपात, हातात उरलं ते खाजगी मेलवर आलेलं नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा आणि अप्रेझलची तीन पत्रं. काल रात्री माझ्या टेबलावर पसरून बसलो होतो. दुसऱ्या पत्रात, पगारवाढीच्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरात, त्यांच्याच एचआरनं लिहिलंय, पदाचा प्रकार : इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्युटर, हाताखालची माणसं : शून्य. ते पान वर ठेवून गठ्ठ्याला टाचणी मारली.